घराचं जन्मसाल आणि घरपट्टी

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीत घरपट्टीची बिलं येतात. मी खजिनदार, त्यामुळे ती आधी माझ्याकडे येतात आणि मग मी घरोघर पोचवते. आमची इमारत १९८४ सालची. तीन मजले, बारा घरं, लिफ्ट नाही. गल्लीच्या तोंडाशी पूर्वी एक बंगला होता, तो पाडून काही वर्षांपूर्वी सात मजली इमारत उभी राहिली. तिथली एक मुलगी नव्या सोसायटीच्या कमिटीवर आली आणि हिशेबाच्या वह्या कशा ठेवायच्या ते विचारायला एका संध्याकाळी माझ्याकडे आली. जेवणाच्या टेबलावर आमची बिलं पसरलेली होती. तिने एक उचललं, पुढून-मागून पाहिलं आणि विचारलं, "काकू, हे सहा महिन्यांचं का?"

"नाही गं, वर्षाचं."

तिने मोबाइलवर स्वतःचं बिल काढून माझ्यापुढे धरलं. तिचं घर माझ्या घरापेक्षा तीस-चाळीस चौरस फुटांनी लहानच आहे. बिल मात्र माझ्या चौपटीहून जास्त. आम्ही दोघींनी मिळकत क्रमांक, क्षेत्रफळ, वापराचा प्रकार, सगळं ताडून पाहिलं. चूक कुठेच नव्हती. "घंटागाडी तर एकच येते ना आपल्याकडे?" एवढंच ती म्हणाली. पाणीही एकाच टाकीतून येतं, रस्त्यावरचे दिवे त्याच खांबांवरचे, पावसाळ्यात तुंबणारं गटारही दोघींचं एकच.

त्या संध्याकाळी मला तिला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर कायदा वाचला, कार्यालयात जाऊन विचारलं, दोनचार शहरांतल्या ओळखीच्यांची बिलं पाहिली. शहराचं नाव इथे घेत नाही, कारण ही गल्ली महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांत सापडेल. मी कमी भरणाऱ्यांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. आणि तरीही माझं म्हणणं असं आहे की आमच्यासारख्या जुन्या घरांची आकारणी नव्याने झाली पाहिजे, आणि ती दर चार वर्षांनी न चुकता होत राहिली पाहिजे.

घरपट्टीवरची आपल्याकडची सगळी चर्चा दराभोवती फिरते. फेब्रुवारीत आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, त्यात दहा-बारा टक्के करवाढ सुचवलेली असते, नगरसेवक ती फेटाळतात आणि दुसऱ्या दिवशी "करवाढ टळली" अशी बातमी येते. दर हा हिशेबातला फक्त एक आकडा आहे. तो ज्या रकमेला लावायचा ती रक्कम कशी ठरली, हा खरा प्रश्न. करवाढ झाली तर काय होतं ते बघा. दोन सारखी घरं, एकाचं बिल ४,००० रुपये आणि दुसऱ्याचं १८,०००. दहा टक्के वाढ म्हणजे पहिल्याला ४०० आणि दुसऱ्याला १,८००. जो आधीच जास्त भरतोय त्याच्याच डोक्यावर वाढीचा मोठा वाटा. करवाढ टळली तरी ही तफावत जिथल्या तिथेच.

ती रक्कम ठरते कशी? मुंबई सोडून बाकीच्या महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात कराधानाचे नियम आहेत. घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल याचा अंदाज करायचा, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे, उरेल ते करयोग्य मूल्य. त्यावर मग सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, जललाभ कर, जलनिस्सारण लाभ कर, अग्निशमन, वृक्ष, शिक्षण अशी सगळी ओळ लागते. भाडेकरू प्रत्यक्षात असो वा नसो, कागदावर एक भाडेकरू धरायचा. प्रत्येक घराचं भाडं वेगळं काढणं शक्य नसतं, म्हणून कार्यालय भागवार दरमहा चौरस फुटाला इतके पैसे असा दर ठरवतं.

आता आकडे घालून बघू. समजा १९८५ च्या सुमारास आमच्या भागाला चौरस फुटाला ५० पैसे दर होता. ६०० चौरस फुटांचं घर: महिन्याला ३०० रुपये, वर्षाला ३,६००, दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य ३,२४०. पुढे दर वाढत वाढत सव्वादोन रुपयांवर आला. तेवढ्याच घराचं करयोग्य मूल्य झालं १४,५८०. बरोबर साडेचार पट. दर वाढला तेव्हा तो नव्याने नोंद होणाऱ्या घरांना लागला. आमचं घर नोंदवहीत १९८५ च्या दराने चढलं आणि तिथेच राहिलं. म्हणजे कर ठरतो तो घर कुठे आहे, केवढं आहे, कसं आहे यापेक्षा ते वहीत कोणत्या साली चढलं यावर.

गंमत अशी वाटेल की कायद्याला हे मुळीच अभिप्रेत नाही, पण ही गंमत नाही, ही गंभीर गोष्ट आहे. जुनीच आकारणी वही पुढे चालवायची मुभा कायदा देतो, पण चार वर्षांतून एकदा तरी नवी वही करायला सांगतो. नगरपालिकांत राहिलेल्या कुणालाही "चतुर्थ वार्षिक आकारणी" हे शब्द ओळखीचे असतात. दारावर नोटीस लागते, हरकती मागवतात, सुनावणी होते, लोक रांगेत उभे राहून भांडतात. छोट्या गावांत हे कटकटीचं का होईना, होत राहतं. मोठ्या शहरांत, जिथे जमिनीच्या किमती सर्वांत झपाट्याने बदलल्या, तिथे जुन्या घरांच्या बाबतीत चार वर्षांचं चक्र दशकानुदशकं थांबलेलं आहे.

थांबलं त्यालाही इतिहास आहे, आणि तो घरमालक-भाडेकरूंच्या जुन्या भांडणात दडलेला आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली. गिरगावात, परळमध्ये आजही काही खोल्यांचं भाडं आपल्या एका वेळच्या भाजीच्या खर्चाएवढं आहे ते त्यामुळे. १९७९ साली दिल्लीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भाडेनियंत्रण कायद्यातल्या प्रमाणित भाड्यापेक्षा जास्त भाडेमूल्य धरून पालिकेला कर लावता येणार नाही. घरात मालक स्वतः राहत असला तरीही. न्यायाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. कायद्याने जे भाडं घेता येत नाही त्यावर कर कसा लावणार? पण त्यामुळे जुन्या घरांचं मूल्य वर सरकवायची वाट अरुंद झाली. पुढे १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली आणि २००० साली नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. फेरआकारणी थांबण्याचं कारण बरंचसं सैल झालं, सवय मात्र राहिली.

मुंबईने वेगळी वाट धरली. २०१० पासून तिथे भाडेमूल्य सोडून भांडवली मूल्यावर कर सुरू झाला. मुद्रांक शुल्कासाठी सरकार जो दरवर्षी मूल्यदर तक्ता काढतं, ज्याला आपण सगळे रेडीरेकनर म्हणतो, त्यातला दर घ्यायचा, त्याला क्षेत्रफळाने गुणायचं आणि मग वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, मजला यांचे गुणक लावायचे. दक्षिण मुंबईतल्या जुन्या, मोठ्या घरांना नाममात्र कर आणि दहिसर-मुलुंडच्या नव्या, लहान घरांना भारी कर, ही जुनी विसंगती त्याने कमी होणार होती. एका झटक्यात बोजा पडू नये म्हणून निवासी घरांना जुन्या कराच्या दुपटीची मर्यादा घातली. दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायचं असंही ठरलं. मला ही पद्धत कल्पना म्हणून आवडते. प्रत्यक्षात २०१५ ची सुधारणा झाली, २०२० ची कोरोनामुळे पुढे ढकलली गेली आणि नंतरही वर्षामागून वर्षं पुढेच जात राहिली. शिवाय मोकळ्या जमिनीवर पुढे किती मजले चढू शकतील ते आजच हिशेबात धरणारे नियम केले होते. ते मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. आज जे आहे त्यावर कर लावा, उद्या काय होईल त्यावर नको, असा त्याचा अर्थ. हे तत्त्व प्रत्येक आकारणी अधिकाऱ्याने डोळ्यांपुढे ठेवावं असं आहे.

मुंबईचीच दुसरी गोष्ट म्हणजे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी. १ जानेवारी २०२२ पासून सगळा मालमत्ता कर माफ झाला आणि सुमारे १६ लाख कुटुंबांना त्याचा लाभ मिळेल असं तेव्हा सांगितलं गेलं. चाळीतल्या, म्हाडाच्या, झोपडपट्टी पुनर्वसनातल्या माणसांवरचा भार गेला याचा मला आनंदच आहे. पण क्षेत्रफळ हे ऐपतीचं माप होऊ शकत नाही. मलबार हिलवरच्या ४८० फुटांना शून्य आणि दहिसरच्या ५२० फुटांना पूर्ण कर, यात गरीब कोण ते कसं ठरवायचं? आणि भिंत एक वीत पुढे-मागे झाली की माफीची रेघ ओलांडली जाते. खरी सूट द्यायची तर ती घराच्या मूल्यावर बेतावी आणि पायऱ्यापायऱ्यांनी द्यावी. माफी जाहीर करणं सोपं असतं, कारण त्यात कुणाचं मूल्य तपासावं लागत नाही. आकारणी दुरुस्त करण्याचं काम त्यामुळे आणखी मागे पडतं.

पुण्यातही घराचं साल आडवं आलंच. तिथे १९७० पासून मालक स्वतः राहत असेल तर भाडेमूल्यात ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि राज्य सरकारने ती सवलत काढली. १ एप्रिल २०१९ पासून नोंद झालेल्या घरांना सवलतीविना बिलं गेली. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती परत दिली, पण सवलत नसलेल्यांना "पीटी-३" नावाचा अर्ज भरून, पुरावे जोडून ती मागून घ्यावी लागली. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला सवलत असावी की नाही यावर दोन मतं असू शकतात. भाड्याच्या घरावर जास्त कर बसला की तो शेवटी भाडेकरूच्याच खिशातून जातो आणि शहरातली सगळ्यांत डळमळीत बाजू त्याचीच असते, हेही विसरून चालणार नाही. पण २०१८ चं आणि २०२० चं घर यांना वेगवेगळा न्याय कसा चालेल?

आणखी एक विसंगती. आपल्या ग्रामपंचायती या बाबतीत बऱ्याच महापालिकांच्या पुढे आहेत. डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांनी महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींना भांडवली मूल्यावर घरपट्टी लावायला सांगितलं. रेडीरेकनरचा जमिनीचा दर, बांधकामाचा दर, वयानुसार घसारा, वापराचा गुणक, असा तो हिशेब. पुणे महापालिका मात्र अजून भाडेमूल्यावरच आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुण्यात आली, तेव्हा त्यांतल्या घरांची आकारणी एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत गेली. बिलं वाढली, आंदोलनं झाली. गावाला वाटलं आपल्याला लुटलं, शहराला वाटलं गावं फुकट सोयी मागतायत. दोघांच्याही समोर घराच्या मूल्याचा एकच आकडा असता तर निदान भांडण खऱ्या मुद्द्यावर झालं असतं.

नाशिकचं २०१८ सालही आठवायला हवं. तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी त्या एप्रिलपासून नव्या मिळकतींच्या भाडेमूल्याचे दर आणि मोकळ्या जमिनींवरचा कर मोठ्या प्रमाणात वाढवला. शहर पेटून उठलं, अविश्वास ठरावाची तयारी झाली, वाढ काही प्रमाणात मागे घ्यावी लागली आणि वर्ष संपायच्या आत आयुक्तांची बदली झाली. अनेकांनी त्यातून धडा घेतला की घरपट्टीला हातच लावू नये. मी वेगळा धडा घेते. वाढ एकदम केली, आणि निवासी घरांपुरती ती मुख्यतः नव्यांवर टाकली. जुन्यांना वगळून न्याय करायला गेलं तर नवे लोक चिडणारच, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे.

हा रोग आपल्यापुरता नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९७८ साली लोकांनी मतदान करून घराचं करासाठीचं मूल्य जवळपास गोठवलं. वर्षाला फार तर दोन टक्के वाढ आणि घर विकलं गेलं की मगच बाजारभाव. लॉस एंजेलिसमधल्या एका स्त्रीने १९८८ मध्ये घर घेतलं आणि तिला कळलं की तशाच घरांत आधीपासून राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या जवळपास पाचपट कर आपल्याला आहे. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९९२ मध्ये हरली. माझ्या टेबलाशी बसलेल्या मुलीचीच ही गोष्ट. फरक एवढाच की तिथे ते लोकांनी उघड मत देऊन ठरवलं. आपल्याकडे चार वर्षांनी फेरआकारणी करा असं कायदा सांगत असताना ते आपोआप होऊन बसलं. इंग्लंडमध्ये आजही घरांचे करगट १९९१ च्या किमतींवर ठरतात, तेव्हा अस्तित्वात नसलेल्या घरांचेही. आणि दिल्लीने २००४ मध्ये भाडेमूल्य सोडून क्षेत्रफळावर आधारित सोपी पद्धत आणली, वसाहतींचे ए ते एच असे आठ वर्ग केले, ए वर्गाला चौरस मीटरला ६३० रुपये आणि एच वर्गाला १०० असे दर ठरवले. सुटसुटीत, कुणालाही घरबसल्या हिशेब करता येईल असं सूत्र. पण ते आकडेही पुढे वर्षानुवर्षं तसेच राहिले.

म्हणून भाडेमूल्य की भांडवली मूल्य की क्षेत्रफळ, या वादात मी फार अडकत नाही. माझा कल क्षेत्रफळ गुणिले विभागाचा दर, त्यात वय आणि बांधकामाचे गुणक, याकडे आहे. विभाग मोठे असावेत आणि दर रेडीरेकनरशी सैलपणे बांधलेला असावा. अगदी बाजारभावाला कर जोडला तर समोरच्या प्लॉटवर टॉवर आला म्हणून इथल्या पेन्शनरची घरपट्टी चढेल, आणि त्याच्या हातात तर एक रुपयाही जास्त आलेला नसेल. पण कोणतीही पद्धत घेतली तरी ती ठरलेल्या वर्षी पुन्हा लावली नाही, तर वीस वर्षांनी आपण परत याच गल्लीत उभे असू.

आता सगळ्यांत मोठी भीती. फेरआकारणी म्हणजे करवाढ, असं लोक धरून चालतात, आणि आजवरच्या अनुभवावरून त्यात त्यांची चूक नाही. म्हणून पहिल्या फेरीत पालिकेने एक बंधन स्वतःवर घालून घ्यावं: निवासी घरांमधून येणारी एकूण मागणी पहिल्या वर्षी आधीच्या वर्षाएवढीच राहील, फक्त वाटणी बदलेल. आमच्या गल्लीपुरतं गणित करून बघते. दहा सारखी घरं धरा. सहा जुनी, ४,००० रुपयांची. चार नवी, १८,००० ची. एकूण ९६,०००. आता सगळ्यांना एकच विभागदर लावला आणि जुन्या बांधकामाला वयाची रास्त सूट दिली, तर जुन्यांचे ८,००० आणि नव्यांचे १२,००० होतील. बेरीज तीच, ९६,०००. नव्यांचं बिल तिसऱ्या हिश्श्याने उतरलं, आमचं दुप्पट झालं. दुप्पट हा शब्द ऐकून छातीत धस्स होतं, मलाही झालं. पण तीच वाढ चार वर्षांत वाटली तर दरवर्षी हजार रुपये, म्हणजे महिन्याला ८३. आमच्या इमारतीत याहून जास्त पैसे आम्ही जिन्याच्या साफसफाईला देतो.

आणि ज्यांना तेही झेपणार नाही? आमच्या तळमजल्यावर एक आजी आहेत. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, कुटुंब निवृत्तिवेतनावर घर चालतं, मुलगा लांब. आजींना मी ८३ रुपयांचं गणित सांगितलं तर त्या हसून देतील, पण औषधांच्या यादीतलं काहीतरी गळेल हे मला माहीत आहे. त्यांच्यासाठी जुनी आकारणी सगळ्यांनाच गोठवून ठेवणं हा उपाय नव्हे. त्याने आजींबरोबर जुन्या वसाहतींतल्या मोठमोठ्या बंगल्यांचाही कर गोठतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ५५ वर्षांवरच्यांना कर पुढे ढकलायची सोय आहे. रक्कम घरावर बोजा म्हणून राहते आणि घर विकलं जाईल तेव्हा वसूल होते. आपल्याकडे घरपट्टी हा कायद्यानेच मिळकतीवरचा पहिला बोजा आहे, म्हणजे पालिकेचे पैसे बुडायची भीती नाही. आजींनी आजच्याएवढं भरावं, वाढीचा फरक घरावर नोंदला जावा, त्यावर बचत खात्याएवढं साधं व्याज लागावं, आणि पुढे घर ज्याच्या नावावर होईल त्याने तो फेडावा. आज मात्र थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. वर्षाला चोवीस टक्के. सावकारी थांबवायचे कायदे करणाऱ्या राज्यात एका म्हाताऱ्या बाईकडून पालिकेने या दराने वसुली करावी हे मला सहन होत नाही. त्यातही मोठे थकबाकीदार अभय योजनेची वाट बघत बसतात आणि त्यांची शास्ती माफ होते, वेळेवर भरणाऱ्याला काहीच नाही.

"आधी थकबाकी वसूल करा, मग आमच्याकडे या," हा आक्षेप मला मान्य आहे, पण "मग" हा शब्द मान्य नाही. दोन्ही कामं बरोबर होऊ शकतात. थकबाकीतला मोठा भाग वादात अडकलेला असतो आणि वादाचं मूळ पुष्कळदा आकारणीतच असतं. कुणाला आकारणी चुकीची वाटली तर न्यायालयात अपील करता येतं, पण आधी वादातली रक्कम भरावी लागते. बिल्डर किंवा हॉटेलवाला ती भरू शकतो. साध्या घराच्या मालकाला जमत नाही, मग तो भरणंच थांबवतो, शास्ती चढते आणि पाचसहा वर्षांनी त्याचं नाव थकबाकीदारांच्या यादीत लागतं. घरांपुरतं तरी वादाबाहेरची रक्कम भरून अपील ऐकलं जावं.

दुसरा आक्षेप खड्ड्यांचा. रस्ते असे, पाणी दिवसाआड, मग कर कशाला? मीही हा प्रश्न दर पावसाळ्यात विचारते. पण त्यामागची पैशाची वाट बघायला हवी. पूर्वी शहरं जकातीवर जगत. पुण्यासारख्या शहरांत २०१३ मध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, आणि २०१७ मध्ये जीएसटीबरोबर मुंबईचीही जकात संपली. बदल्यात राज्य सरकार भरपाई देतं, दरवर्षी आठ टक्के वाढवून. म्हणजे शहराच्या तिजोरीचा मोठा भाग आता मंत्रालयातून येतो, आणि जो पैसा वरून येतो त्याचा हिशेब वरच द्यावा लागतो. घरपट्टी हा असा पैसा आहे की तो आपण थेट भरतो आणि त्याबद्दल वॉर्ड ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटू शकतो. पंधराव्या वित्त आयोगाने तर शहरांना मिळणारं अनुदान मालमत्ता कराच्या किमान दरांशी आणि वसुलीच्या वाढीशी जोडलं. शहर आपल्या घरांवर नीट कर लावत नसेल तर दिल्लीहून येणारा पैसाही अडतो.

आणि हात आपटायचा तर हातात कागद हवा. आज माझ्या बिलावर करयोग्य मूल्याचा एक आकडा आहे, त्याखाली दहा-बारा करांची ओळ आहे. तो आकडा कुठून आला ते कुठेच लिहिलेलं नाही. बिलावर पाच ओळी वाढवा. घराचं क्षेत्रफळ, विभागाचा दर, वयाची सूट, बांधकामाचा गुणक, शेवटची आकारणी कोणत्या साली झाली. बस. आकारणीची वही लोकांना पाहायला खुली ठेवायची असं कायदा जुन्या काळापासून सांगतो. ती आता नाव न दाखवता गल्लीनुसार संकेतस्थळावर टाका. माझ्या घराशेजारच्या घराला चौरस फुटाला काय दर आहे हे मला दिसलं, तर चुकीची आकारणी मीच शोधून काढीन, त्यासाठी निरीक्षकाने घरोघर फिरायची गरज उरणार नाही. निरीक्षकाच्या हातातली जी एक अदृश्य मोकळीक असते, "बघू, करू काहीतरी" म्हणण्याची, तीही मग राहणार नाही. आमच्या बारा घरांपैकी दोन घरांचं क्षेत्रफळ वहीत चुकीचं आहे, हे मला इतकी वर्षं बिलं वाटूनही कळलं नव्हतं. त्या मुलीने मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर उलटा हिशेब करून ते दाखवलं.

गेल्या महिन्यात मी हा सगळा विषय आमच्या सोसायटीच्या सभेत मांडला. आठ जण होते. एकाने विचारलं, "म्हणजे आपलं बिल वाढवून घ्या असा अर्ज तुम्ही आपणहून करणार?" मी हो म्हटलं, आणि अर्ज वाचून दाखवला: या गल्लीतल्या सर्व निवासी मिळकतींची, जुन्या आणि नव्या, एकाच दराने फेरआकारणी व्हावी, वाढ चार वर्षांत विभागावी, एकट्या ज्येष्ठांना फरक पुढे ढकलायची मुभा असावी. तिघांनी सही केली. तळमजल्यावरच्या आजींनी चष्मा मागवून घेतला, पुढे ढकलायचं कलम दोनदा वाचलं आणि चौथी सही त्यांनी केली. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नव्या इमारतीतून एकोणीस सह्या आल्या. अर्जाची पोच माझ्याकडे आहे, आवक क्रमांकासह. उत्तर अजून आलेलं नाही.